पायांखालचे लाकूड

आगोट जवळ आली की कोकणातल्या घराघरांत पूर्वी एक ठरलेली लगबग सुरू होई. कौले चाळायची, मोडक्या रिपा बदलायच्या, सरपण आणि गोवऱ्या पडवीत रचायच्या, मीठ-मिरची-डाळी उन्हे देऊन भरून ठेवायच्या. खाडीकाठी मचवे आणि होड्या वर ओढून त्यांवर झावळ्यांचे छप्पर घालायचे. घर शाकारतात तशी होडीही शाकारतात. दोहोंना शब्दही एकच. ह्या यादीत आणखी एक काम होते, ज्याची आठवण आता फारशा घरांत उरलेली नाही. माजघराचा उंबरठा, ओसरीचे खांब, झोपाळ्याची फळी आणि माडीवरच्या उघड्या सज्ज्याची तक्तपोशी ह्यांना तेल देण्याचे ते काम. एका वाटीत तेल, एक जुन्या धोतराचा बोळा, आणि दुपारची झोप मोडून बसलेला घरातला एखादा वडीलधारा माणूस. एवढ्यावर ते भागे.

आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो इतका साधा आहे. इतिहास लिहिणारे लाकडाकडे बहुधा मान वर करून पाहतात. त्यांना गलबताची डोलकाठी दिसते, वाड्याच्या खांबावरचे नक्षीकाम दिसते, दरबाराचे कोरीव छत दिसते. पायांखालची फळी कोणी पाहत नाही. वास्तविक ऊन, पाऊस आणि माणसाचा पाय ह्या तिघांचा मार जिला एकाच वेळी सोसावा लागतो अशी लाकडाची जागा तीच. पनवेलच्या आसपास आता नवी घरे उठली आहेत. त्यांच्या बागांत आणि गच्च्यांवर लाकडी फलाट बांधलेले असतात. त्यांना सगळे डेक म्हणतात. जुन्या गावात, जे थोडे वाडे शिल्लक आहेत त्यांना सज्जे आहेत. चार पावसाळ्यांनंतर डेकचा मालक आणि सज्ज्याचा मालक दोघेही एकच प्रश्न विचारतात: हे लाकूड राखेसारखे का झाले, आणि आता ह्याचे करायचे काय? आमच्या समजुतीप्रमाणे ह्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इतिहासात आहे.

प्रथम आपल्या गावाकडे पाहू. पनवेल हे घाट आणि खाडी ह्यांच्या सांध्यावर बसलेले गाव. मुंबईहून पुण्यास जाणारा माणूस होडीने पनवेलच्या बंदरात उतरे आणि तेथून खोपोलीवरून बोरघाट चढून वर जाई. १८३० साली, सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, घाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि ही वाट खऱ्या अर्थाने वाहती झाली. देशावरचा माल गाड्यांनी खाली यावा, तांदूळ आणि मीठ वर जावे, आणि मधल्या मुक्कामी गाड्यांची दुरुस्ती व्हावी, असा सारा क्रम. सरकारी गॅझेटियरात पनवेलचा मुख्य धंदा म्हणून ना तांदूळ नोंदला आहे ना मीठ. नोंदली आहेत ती बैलगाडीची चाके. घाटावरून येणारी प्रत्येक गाडी परतताना येथल्या चाकांची एक जोडी घेऊन जाते, अशा आशयाचा तेथे उल्लेख आहे. श्रोतेहो, ज्या गावाची ओळख चाक ही होती त्या गावाला लाकूड कळत होते ह्यात शंका नाही. तुंबा, आरे, पुठ्ठे ही तीन अंगे तीन प्रकारचा ताण सोसतात. वरून लोखंडी धाव तापवून चढवायची आणि पाणी ओतून आवळायची. लाकूड किती सुकलेले आहे हे ज्याला हाताने कळत नाही त्याचे चाक घाटाच्या पहिल्याच वळणावर बोलू लागते. १८५२ साली येथे नगरपालिका आली. त्या काळी गावातली निम्मी वर्दळ ह्या गाड्यांची असावी असे आम्हांला वाटते.

आता जंगलाकडे वळू. कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या हाती १६५७ साली आली आणि आरमाराचा आरंभ ह्याच खाड्यांच्या मुलखात झाला. आरमार म्हणजे लाकूड, आणि लाकूड म्हणजे साग. १७१६च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात ह्याविषयी जो विचार सांगितला आहे तो पुष्कळांना ठाऊक असतो. पण तो राजनीतीचा नमुना म्हणून सांगितला जातो, लाकडाचा हिशेब म्हणून नव्हे. मुलखातल्या अरण्यात सागवानादि जे वृक्ष असतील ते परवानगीने तोडावेत, पुरेसे नसतील तर परमुलखातून विकत आणावेत, आंबा-फणसासारख्या रयतेच्या झाडांना हात लावू नये, आणि अगदीच जीर्ण झालेले झाड हवे असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. बळजोरी करू नये, असा त्याचा सारांश. ह्यात दया आहे हे खरेच. परंतु ज्याला एक झाड घडायला किती वर्षे लागतात हे माहीत आहे अशा माणसाची काटकसरही त्यात आहे.

ह्याच्या शेजारी मलबारातली हकीकत ठेवून पाहावी. १८०६ साली कंपनी सरकारने कॅप्टन वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याला तेथील जंगलांचा रखवालदार नेमला. जहाजांसाठी साग हवा होता. म्हणून साग सरकारी मक्त्याचा ठरला. लोकांचा असंतोष इतका वाढला की १८२३ साली ते पदच मोडावे लागले, आणि तोवर किनाऱ्याजवळचे उत्तम साग बरेचसे संपलेही होते. तेथल्याच निलांबूरला १८४० नंतरच्या दशकात कलेक्टर कॉनोली ह्याने सागाची लागवड सुरू केली. तोडणाऱ्यालाच शेवटी लावण्याची पाळी आली.

मलबारचा हा साग मुंबईच्या गोदीत येई. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले ते १७३६च्या सुमारास. त्यांच्या घराण्याने पुढे शतकाहून अधिक काळ येथे जहाजे घडवली. त्यांच्यापैकी जमशेटजी बमनजी ह्यांच्या हातची दोन जहाजे आम्हांला विशेष वाटतात. पहिले कॉर्नवॉलिस, १८१३ सालचे. १८४२ साली चीनशी झालेला नानकिंगचा तह ह्याच्यावर सह्या होऊन पुरा झाला. लढाईच्या कामातून निवृत्त झाल्यावर इंग्रजांनी हे जहाज १८६५ साली शिअरनेस येथे धक्का म्हणून उभे केले, आणि तो धक्का मोडला १९५७ साली. एकशे चव्वेचाळीस वर्षे ते लाकूड खाऱ्या हवेत होते. दुसरे त्रिंकोमाली. ह्याचे नकाशे ज्या जहाजातून मुंबईस येत होते ते जावा नावाचे जहाज १८१२च्या डिसेंबरात अमेरिकनांनी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ पाडाव केले. म्हणून नकाशे पुन्हा काढून पाठवावे लागले. काम सुरू झाले १८१६ साली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले. ते आजही तरंगते आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल येथे कोणालाही तिकीट काढून त्याच्या तक्तपोशीवर चालता येते.

येथे एक गोष्ट मनाला लागते ती बोलून टाकतो. आमच्या आरमाराची एकही अखंड गुराब आज पाहायला मिळत नाही. १७५६च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंगऱ्यांचे आरमार जळाले, आणि जाळणाऱ्या इंग्रजांशी त्या वेळी पेशव्यांचा करार होता. शनिवारवाडा १८२८ साली जळाला. मुंबईची सागवानी जहाजे राहिली, आमची राहिली नाहीत, ह्याला आग हे कारण आहेच. पण जी जळाली नाहीत ती तरी कोठे आहेत? ह्या प्रश्नाकडे आम्ही पुढे येणार आहोत.

सागाच्या अंगी असे काय आहे? त्याच्या गाभ्यात एक तेलकट द्रव्य असते. ते वाळवीला आणि बुरशीला रुचत नाही, पाणी सहजी आत घेत नाही, आणि लोखंडाशीही त्याचे बरे जमते. विलायती ओकच्या लाकडात आम्ल असल्यामुळे लोखंडी खिळा गंजतो आणि गंजाने पुन्हा लाकूड कुजते. सागात हे बरेच कमी. मात्र हे सारे गुण गाभ्याचे. सालीखालचा जो फिकट थर असतो तो कुठल्याही हलक्या लाकडाइतकाच लवकर कुजतो. बाजारात सगळे साग म्हणूनच विकले जाते, ही गोष्ट निराळी.

एवढा गुणी असूनही साग उघड्यावर ठेवला की राखाडी होतो. त्याचे कारण ऊन. लाकूड म्हणजे बारीक तंतूंची जुडी, आणि त्या तंतूंना धरून ठेवणारे एक चिकट द्रव्य त्यात असते. सूर्यप्रकाशातले जंबुपार किरण त्या चिकट द्रव्याला फोडतात. पाऊस तो फुटलेला भाग धुऊन नेतो. मागे उरतात ते रंगहीन तंतू, आणि दमट हवेत त्यांवर बारीक बुरशी बसते. आपल्याकडे वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस आणि मग आठ महिने कडक ऊन. तेव्हा हे काम कोकणात इतर कोठल्याहीपेक्षा झपाट्याने होते. परंतु ही राख किती खोल असते? कागदाच्या जाडीएवढी. तिच्याखाली लाकूड जसेच्या तसे असते. अशा झिजेने शंभर वर्षांत मोजकेच मिलिमीटर लाकूड जाते. म्हणजे राखाडी रंग हा रोग नाही, आणि रोग कोठे असतो तेही पुढे येईल.

हे ज्यांनी ओळखले नाही त्यांचे उदाहरण आरमारांच्या इतिहासातच आहे. इंग्रजी आणि अमेरिकन जहाजांवर रोज सकाळी खलाशांना गुडघे टेकून बसवीत, पुढ्यात वाळू आणि समुद्राचे पाणी टाकीत, आणि वालुकाश्माच्या विटेने तक्तपोशी घासून पांढरी करवीत. गुडघे टेकून करायचे काम म्हणून खलाशी त्या दगडाला थट्टेने पवित्र दगड म्हणत. तक्तपोशी शुभ्र दिसे ह्यात वाद नाही, आणि खाऱ्या पाण्याने ती भिजती राहून फळ्यांच्या फटी मिटलेल्या राहत हाही लाभ खरा. पण रोज थोडी थोडी घासली जाणारी फळी शेवटी पातळ होते. १९३१ साली अमेरिकन आरमाराने हा दगड वापरण्यावर बंधन घातले. कारण दिले ते हेच, की फळ्या इतक्या लवकर झिजतात की त्या बदलण्याचा खर्च परवडत नाही. शिस्तीसाठी घासायचे की लाकडासाठी, हा प्रश्न कोणी आधी विचारलाच नव्हता.

आमच्या किनाऱ्यावरची रीत वेगळी होती. येथे घासण्यापेक्षा मुरवण्यावर भर. दोन फळ्यांमधली फट कापसाने किंवा काथ्याने ठासायची, तिच्यावर राळ आणि तेल एकत्र करून भरायचे. बुडाला चुना आणि तेल ह्यांचा लेप द्यायचा. वरच्या अंगाला तेल. कोठे मुशीच्या काळजाचे, कोठे उंडीचे, दक्षिणेकडे काजूच्या टरफलांचे, जे हाताला लागले तर फोड उठतात आणि म्हणूनच वाळवीही त्याच्या वाटेला जात नाही. घरातल्या लाकडाला त्यांतले वास मारणारे तेल कोण लावील? तेथे जवसाचे तेल, ज्याला रंगारी लोक बेलतेल म्हणतात. ते हवेने हळूहळू घट्ट होते आणि तंतूंच्या आत बसते. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल असे घट्ट होत नाही. ते चिकट राहून धूळ धरते.

तेलाचा विषय निघाला म्हणून एक आडवाटेची गोष्ट. कुलाबा जिल्ह्यातल्या गावोगावी तेलाचे घाणे चालवणाऱ्यांत बेने इस्राएल मंडळी होती. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्यापैकी पुष्कळजण पुढे सुतारकामात नावाजले. पनवेलमध्ये त्यांचे बेथ एल नावाचे प्रार्थनामंदिर आहे, १८४९ सालचे. म्हणजे नगरपालिकेपेक्षाही तीन वर्षांनी जुने. तेल काढणारा आणि लाकूड घडवणारा एकाच समाजात असावा हा आमच्या गावाच्या इतिहासातला एक सुंदर योग आहे. त्यावर कोणी नीट लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही.

हे सर्व टिकले ते धंद्याच्या आधाराने. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सरळ पुण्यास जाऊ लागली आणि पनवेलची वाट एकाएकी आडवाट झाली. मुंबईचा प्रवासी आता कल्याण-कर्जतवरून जाऊ लागला. बंदर लगेच मेले नाही; तांदूळ-मिठाची ने-आण पुष्कळ वर्षे चालू राहिली, चाकेही बनत राहिली. पण ज्या गावात पन्नास सुतार एकमेकांच्या कामावर नजर ठेवून असतात तेथे आगोटीच्या आधी घराला तेल देणे हे वेगळे सांगावे लागत नाही. ज्या गावात पाच उरतात तेथे ते राहून जाते. मग मोटार आली, चाकाला रबरी टायर आले. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पनवेलभोवतीची भातशेती भूखंडांत मोजली जाऊ लागली. वाड्यांच्या जागेचे मोल वाड्याहून अधिक झाले. मघाशी आम्ही विचारले की न जळालेली लाकडे गेली कोठे. त्यांचे उत्तर जुन्या सामानाच्या बाजारात मिळते. कडीपाटाच्या तुळया, उथळ्यांवरचे खांब, सज्ज्याचे कठडे तेथे घनफुटावर विकले जातात, आणि त्यांतली काही मुंबईच्या उपाहारगृहांच्या भिंतींना शोभेसाठी लागतात. कुजून गेलेले लाकूड फार थोडे. न सांभाळल्यामुळे निरुपयोगी वाटू लागले आणि म्हणून काढून टाकले असे बहुतेक.

दुसऱ्यांना बोलण्याआधी आमची स्वतःची चूक सांगणे बरे. आमच्या वडिलोपार्जित घराला पश्चिमेकडे माडीवर सज्जा आहे. अंगणाच्या बाजूने त्यावर छप्पर नाही, म्हणून चार महिने तो पावसाच्या तोंडी असतो. लहानपणी त्याची तक्तपोशी गुळाच्या ढेपेच्या रंगाची होती. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मागे ते तेलाचे काम बंद पडले आणि ती राखेच्या रंगाची झाली. दहा-बारा वर्षांपूर्वी घरात एक कार्य निघाले आणि सज्जा पाहुण्यांना दाखवण्याजोगा करावा असे आमच्या मनाने घेतले. एका कारागिराने यंत्राने घासून दोन दिवसांत नवा करून देतो म्हटले. त्याने शब्द पाळला. राख गेली, तिच्याबरोबर चांगले लाकूडही गेले, इतके की जुन्या खिळ्यांची डोकी वर आली. त्यावर चकचकीत वॉर्निशचे तीन हात. कार्य झाले, पाहुण्यांनी कौतुक केले. गणपतीपर्यंत ठिकठिकाणी पांढरे चट्टे दिसू लागले आणि दिवाळीला वॉर्निश कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटू लागले. खाली पाहिले तर काळी बुरशी. दोष त्या कारागिराचा म्हणण्यापेक्षा आमच्या घाईचा. काचेसारखा पारदर्शक लेप ऊन अडवत नाही. त्याच्या खालचे लाकूड उन्हाने सैल होतच राहते आणि लेपाची पकड सुटते. फळ्यांच्या टोकांतून आत शिरलेले पाणी मग वर निघू शकत नाही. ओल कोंडली की कूज आलीच.

त्या वर्षी सुतारकामातून निवृत्त झालेल्या एका वृद्ध गृहस्थांना आम्ही बोलावून आणले. त्यांनी वॉर्निशकडे पाहिलेही नाही. खिशातला टोचा काढून फळ्यांच्या टोकांशी, खिळ्यांच्या भोवती आणि खालून तुळईवर फळी टेकते तेथे टोचून पाहिले. दोन ठिकाणी टोचा बोटभर आत गेला. बाकी सगळीकडे तो अडला.

"भाऊ, ह्याची कातडी गेली आहे, हाड शाबूत आहे," ते म्हणाले.

"मग काका, सगळ्या फळ्या बदलाव्या लागतील का?"

"कशाला? दोन टोकं कापा. आणि मेहेरबानी करून ते यंत्र परत आणू नका."

पुढे जे काम झाले ते त्यांच्या सांगण्यावरून झाले. ते येथे थोडे विस्ताराने सांगतो, कारण डेकवाल्यांना आणि सज्जावाल्यांना दोघांनाही ते उपयोगी आहे. कुजलेली टोके कापून तेथे जुन्याच सागाचे तुकडे जोडले. जुना तुकडा जुन्या फळीबरोबर सारखाच फुगतो आणि आटतो. लोखंडी खिळे काढून पितळी स्क्रू बसवले, कारण सागाचे लोखंडाशी पटत असले तरी आमच्या पावसात उघड्यावरचा खिळा गंजतोच आणि त्याच्याभोवती लाकडावर काळा डाग धरतो. तो डाग घासून जात नाही. ऑक्झॅलिक आम्ल पाण्यात थोडे विरघळवून लावले की जातो. आपल्या परसातल्या बिलिंबीत हेच आम्ल असते, आणि कपड्यावरचे गंजाचे डाग बायका तिच्या रसाने काढीत, हे सुतारकाकांना शास्त्र न शिकता माहीत होते. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे घालावेत आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. उरलेली राख काढली ती रिठ्याच्या पाण्याने आणि काथ्याच्या कुंच्याने, तंतूंच्या दिशेने, आडवे न घासता. लोखंडी तारेचा कुंचा मुद्दाम टाळला. त्याचे बारीक तुकडे लाकडात राहतात आणि पहिल्या पावसात प्रत्येकाचा एक काळा ठिपका होतो. दोन फळ्यांमध्ये पाव इंचाहून थोडी कमी फट ठेवली आणि फटींत साचलेला पालापाचोळा सुरीच्या टोकाने काढला. कूज बहुतेक वेळा तेथेच जन्म घेते. रोग कोठे असतो म्हणून मघाशी म्हटले ते हे: फळीच्या तोंडावर नव्हे, तिच्या टोकाशी आणि पाठीवर.

चार-पाच कोरडी उन्हे खाल्ल्यावर मग तेल. जवसाच्या उकळलेल्या तेलात थोडे टर्पेंटाइन घालून, अगदी पातळ हात. अर्ध्या तासाने जे मुरले नाही ते पुसून टाकायचे. लोक तेथे चुकतात. जास्त तेल म्हणजे जास्त रक्षण असे वाटून ते थापतात, आणि ओल्या दिवसांत त्या थरावर बुरशीचे पीक येते. फळीच्या कापलेल्या टोकांना मात्र दोन-तीनदा तेल द्यावे, कारण पाणी पिण्याची तोंडे ती. आणखी एक गोष्ट, आणि ही जिवाची आहे: जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते तेल हवेशी संयोग पावताना तापते आणि बोळा आपोआप पेट घेतो. फडकी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

ज्यांना तेलाचा व्याप नको त्यांनी सागाला खुशाल राखाडी होऊ द्यावे. पुष्कळ दर्यावर्दी लोक हेच करतात. अशा तक्तपोशीला वर्षातून एकदा धुणे, फटी मोकळ्या ठेवणे आणि टोके तपासणे पुरते. आम्हांला तो रंग अजूनही थोडा उदास वाटतो, पण हा आमच्या डोळ्यांचा दोष असेल.

नव्या डेकच्या मालकांना एक सावधगिरीची सूचना. जंगलातला जुना साग आता दुर्मीळ आहे. ब्रह्मदेशाने, म्हणजे आजच्या म्यानमारने, १ एप्रिल २०१४पासून सागाचे ओंडके बाहेर पाठवणे बंद केले. बाजारात पुष्कळसा साग लागवडीचा असतो, आफ्रिकेतून आणि दक्षिण अमेरिकेतून आलेला. वीस-पंचवीस वर्षांच्या झाडात गाभा कमी आणि फिकट थर अधिक, तेलही कमी. नाव तेच, पण आजोबांच्या फळीकडून जी अपेक्षा केली ती ह्याच्याकडून करू नये. इपेसारखी ब्राझीलकडची लाकडे सागाहूनही कठीण असतात. त्यांत तेल मुरवणे कठीण, म्हणून हात आणखी पातळ हवा. ह्याउलट जुन्या वाड्याची फळी फेकून देऊन तिच्या जागी हे आणणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांना काय म्हणावे ते आम्हांला सुचत नाही.

त्रिंकोमालीची गोष्ट अर्धी राहिली. १८१९ साली ते पोर्टस्मथला पोहोचले तेव्हा लढाया संपल्या होत्या आणि पुढली पंचवीस वर्षे त्याला काही काम नव्हते. अशा रिकाम्या जहाजांच्या डोलकाठ्या उतरवून त्यांच्या तक्तपोशीवर लाकडी छप्पर घालण्याची तिकडे रीत होती. म्हणजे तिकडच्यांनीही ती शाकारलीच. विसाव्या शतकात ते मुलांना दर्यावर्दीपणा शिकवण्याची शाळा म्हणून फोद्रोयाँ ह्या दुसऱ्या नावाने १९८६पर्यंत वापरात होते. १९८७ साली ते हार्टलपूलला आणले, १९९० साली दुरुस्ती सुरू झाली, १९९२ साली त्याचे मूळ नाव परत दिले आणि २००१ साली काम पुरे झाले. अकरा वर्षे लागली. त्या कामात जे निरोगी होते ते जागेवर ठेवले आणि जे गेले होते तेवढेच काढले. मुंबईच्या गोदीत १८१७ साली बसवलेला पुष्कळ साग म्हणूनच आजही त्या जहाजात आहे.

आमच्या सज्ज्यात नवे तुकडे दोनच आहेत. ते अजून ओळखू येतात. दरवर्षी अक्षय्य तृतीयेनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही तेलाची वाटी घेऊन तेथे बसतो. साधारण दोन तास लागतात. सुतारकाका आता नाहीत. त्यांचा टोचा त्यांच्या मुलाने आम्हांला दिला. ह्या वर्षी तो तिसऱ्या फळीच्या टोकाशी थोडा आत गेला, नखाएवढा. पाऊस यायला अजून पाच आठवडे आहेत.